शाळेत खोटी हत्यारे आणावीत का?



मागच्या शनिवारी बालसभेत गुरुजींनी विचारले, "शाळेत खेळण्यातली हत्यारे आणू द्यावीत का?" सगळ्या मुलांनी "द्यावीत" म्हणून हात वर केले. बाई म्हणाल्या, "अजिबात नको." मग मुलींनी बाईंकडे बघत बघत "नको" म्हणून हात वर केले. मी दोन्ही वेळा हात वर केला नाही. गुरुजी म्हणाले, "तुझं काय ते लिहून दे, भित्तिपत्रकावर लावू." म्हणून लिहीत आहे.

आधी हत्यारे कोणती ते सांगते, कारण पालकांना सगळी माहीत नसतील. पुठ्ठ्याची तलवार असते, तिला चंदेरी कागद चिकटवतात. लाकडी फळीची तलवार असते, ती जड असते. बांबूच्या कांबीचे धनुष्य आणि खराट्याच्या काडीचा बाण असतो. काही मुले बाणाच्या टोकाला बाभळीचा काटा लावतात. सायकलच्या ट्यूबची गलोल असते. यात्रेत टिकल्यांचे पिस्तूल मिळते, आणि आता पिवळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांची बंदूक पण मिळते. त्या गोळ्या साबुदाण्यापेक्षा थोड्या मोठ्या असतात आणि लागल्या की लई झोंबतं. हे सगळे मी दप्तरात पाहिलेले आहे. कोणाच्या दप्तरात ते सांगणार नाही.

माझी आई म्हणते, "खेळण्यातली बंदूक हातात आली की खरी भांडणं लागतात." मला हे सगळे पटत नाही. चौथीला आम्हांला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. शिवराय लहानपणी सोबत्यांबरोबर मातीचे किल्ले करून खेळत. आम्ही पण दिवाळीत अंगणात किल्ला करतो, त्याच्यावर हळीव पेरतो आणि मावळे ठेवतो. मावळ्यांच्या हातात तलवारी असतातच. मावळ्याच्या हातातली तलवार काढली तर तो नुसता उभा राहिलेला माणूस दिसेल.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती असते तेव्हा आमच्या शाळेत प्रतापगडचे नाटक होते. प्रतापगड आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. अफजलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ला झाली. यंदा नाटकात खानाची तलवार मधेच वाकली आणि खान स्वतःच हसला. मग महाराजही हसले. पाहायला आलेल्या आज्या तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. तरी कोणाला लागले नाही, कारण गुरुजींनी दोघांना एक-दोन-तीन म्हणत शिकवले होते. एकला हात वर, दोनला पाऊल मागे. दोघांनाही माहीत होते की आता वार येणार आहे.

मला मात्र तीन वर्षे जिजाबाईच दिली आहे. जिजाबाई होणे वाईट नाही, पण तिला पाटावर बसून बोलावे लागते. मला एकदा तरी तलवार घेऊन पळायचे आहे. हा विषय नाही, पण लिहून ठेवते.

२०२४ साली जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आणली होती. मामा मला ती बघायला घेऊन गेला. मला वाटले होते की ती खूप मोठी असतील. ती तर मुठीत मावतील एवढीच होती. आणि काचेच्या आत होती, जवळ पहारा होता, हात लावायचा नव्हता. मी मामाला म्हणाले, "आता तर ती कोणी वापरत पण नाही, मग एवढं कुलूप कशाला?" मामा म्हणाला, "वस्तू लहान आहे, पण ती काय करते ते मोठं आहे." तेव्हा मला नीट कळले नाही.

आमचे आजोबा खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात. विळा ते कधी कोणाच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, मग दुसऱ्याने उचलायचा. मी विचारले तर म्हणाले, "घेणाऱ्याचं ध्यान नसलं तर हात कापतोय."

आता मी जे सांगणार आहे ते कोणाला माहीत नाही. आईला काल रात्री सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिलीतल्या एका मुलाचा हात मोडला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याला तालुक्याला नेऊन प्लॅस्टर घातले होते आणि तो दीड महिना डाव्या हाताने जेवत होता. तेव्हा सगळे म्हणाले की आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्याच्या कानाशी टिकल्यांचे पिस्तूल वाजवले. पिस्तूल त्याचेच होते हे खरे आहे. पण वाजवले मी होते. मी त्याला म्हणाले होते, "मला एकदा दे ना, मुलींना कोणी देत नाही." त्याने दिले आणि तो पाणी प्यायला गेला.

पहिलीतला मुलगा व्हरांड्याच्या काठावर बसून चिंचोके मोजत होता. मला त्याला मारायचे नव्हते. मला फक्त तो दचकलेला बघायचा होता. मी मागून गेले आणि ठो केले. तो उठून पळायला गेला आणि पायरीवरून खाली पडला. चिंचोके सगळीकडे उडाले. मी पिस्तूल तिथेच टाकून वर्गात पळाले. तेवढ्यात ज्याचे पिस्तूल होते तो आला आणि त्याने ते उचलले. त्याच वेळी बाई बाहेर आल्या.

त्याला बोलणी बसली, घरी मार पण बसला. त्याने माझे नाव सांगितले नाही. मी पण सांगितले नाही. तो अजून माझ्याशी बोलतो, खोडरबर पण देतो, त्यामुळे मला जास्त वाईट वाटते.

त्यानंतर शाळेत सगळ्या खोट्या हत्यारांना बंदी झाली. पुठ्ठ्याच्या तलवारीला सुद्धा. पण मला वाटतं की बंदीने तो प्रश्न सुटला नाही. नंतर मुले पट्टीची तलवार करू लागली. कंपासमधल्या करकटकाचे टोक किती तीक्ष्ण असते, ते कोणी बंद केलेले नाही. आणि बंद करता पण येणार नाही, गणित कसे करणार?

खान आणि महाराज दोघे खेळात होते. पहिलीतला मुलगा खेळात नव्हता, तो चिंचोके मोजत होता. मला वाटतं, ज्याला माहीत नाही आणि ज्याने हो म्हटलेले नाही त्याच्यावर पुठ्ठ्याची तलवार पण उगारू नये. मागून तर नाहीच.

म्हणून माझे मत असे आहे. नाटकाच्या तलवारी आणि ढाली शाळेत असाव्यात, पण दप्तरात नकोत. त्या गुरुजींच्या कपाटात ठेवाव्यात. नाटकाला आणि शनिवारच्या खेळाला काढाव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. मुलींना पण द्याव्यात. लाकडी फळीची नको, ती खोटी असली तरी लागते खरीच. गलोल, काट्याचा बाण आणि गोळ्यांची बंदूक शाळेत बिलकूल नको. तलवार हातात असते, थांबवता येते. गोळी आणि खडा सुटला की गेला, तो डोळा बघत नाही. टिकल्यांचे पिस्तूल दिवाळीला घरी वाजवावे. मी तर आता घरी पण वाजवत नाही, पण ते माझे झाले. दुसऱ्यांना आवडत असेल तर त्यांनी जरूर वाजवावे, फक्त लहान पोरं आणि म्हाताऱ्या माणसांपासून लांब.

गुरुजी, हे तुम्ही भिंतीवर लावायच्या आधी वाचालच. ते पिस्तूल अजून तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात, खडूंच्या खोक्यामागे आहे. ज्याचे आहे त्याला ते द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्याची काही चूक नव्हती. माझी शिक्षा मला द्यावी.

पहिलीतल्या मुलाचे आईवडील शनिवारी पालकसभेला येणार आहेत. मी चिंचोके जमवले आहेत, दोनशे झाले. ते घेऊन मी व्हरांड्यात थांबेन.

– इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी