भात्यासाठी दुसरा हात

माझे वडील ऐन विशीत बडोद्याच्या कलावंत कारखान्यात साथीला बसत. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले आणि ती चाकरी सरली. राजाश्रय गेल्याची खंत त्यांना उतारवयातही होती, पण लगेच ते म्हणत, “आता आश्रय द्यायचा तो लोकांनी.” या बोलण्याचा खरा अर्थ मला उमगला तो माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलामुळे.

त्याचा डावा हात जन्मापासून निकामी. उजव्या हाताची बोटे मात्र सुरांवर अशी फिरत, की शिकवणाऱ्याने थांबून ऐकावे. पण पेटीला दोन हात लागतात. एक सुरांसाठी, दुसरा भात्यासाठी. हा दुसरा हात त्याच्या ताईचा असे. आलाप लांबला, की तिचा हात भरून येई, ऐन जागेवर हवा कमी पडे आणि सूर बसे. चूक आपलीच, असे मुलाला वाटे. पुढे ताई लग्न होऊन सासरी गेली आणि पेटी बंद झाली.

उपाय काही नवा नव्हता. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन पायांनीच हवा भरून वाजत असे, पायपेटीचेही तेच. एक जुनी पायपेटी मिळाली, पण तिच्या दुरुस्तीचा खर्च मुलाच्या वडिलांच्या ऐपतीबाहेरचा. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले. हे साधन उपचाराचे की उपजीविकेचे, एवढेच त्यांनी विचारले. ‘आनंदाचे’ हे उत्तर लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरचा सरकारी कारखाना तर १९७२ सालचा. तीनचाक्या, कुबड्या, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्रे यांनी असंख्य घरांना आधार दिला आहे. पण या साऱ्यामागचा विचार चालण्याचा, शिकण्याचा आणि कमावण्याचा आहे. त्या तीनचाकीवरून बागेच्या फाटकापर्यंत पोहोचलेल्या मुलाने आत जाऊन काय खेळायचे, हा प्रश्न फाटकातच राहतो.

कायदा मात्र याबाबत मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवनाचे आणि करमणुकीचे आहे. कलाशिक्षणाची फेररचना करावी, करमणुकीत सहभाग घेता यावा म्हणून साधने विकसित करावीत, असे ते स्पष्ट सांगते. आणि ही जबाबदारी सरकारबरोबरच स्थानिक संस्थांवरही टाकते. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. एवढ्या माणसांचा हा हक्क कागदावर आहे. त्यामागे तरतूद हवी.

आधी भाकरी, मग झोपाळा, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. साधी चाकाची खुर्चीही ज्यांना मिळालेली नाही, अशी माणसे आपल्याच शहरात आहेत. पण धडधाकट मुलांच्या घसरगुंड्या बसवताना हा हिशेब आपण मांडतो काय? सयाजीबाग १८७९ साली झाली, गायनशाळा १८८६ साली निघाली, तेव्हा राज्यात दारिद्र्य नव्हते असे नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांच्या संगीतशिक्षणाला आश्रय दिला. तो आश्रय एका राजाच्या मर्जीचा होता. आज तो हक्काचा असायला हवा.

हे अशक्य नाही. चेन्नईच्या महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मरीना किनाऱ्यावर लाकडी वाट बांधली. चाकाच्या खुर्चीतली माणसे तिच्यावरून समुद्राजवळ गेली. पुढच्याच महिन्यात वादळाने त्या वाटेची नासधूस केली, आणि ती दुरुस्त करण्यात आली. मला बांधण्याइतकेच या दुरुस्तीचे मोल वाटते.

म्हणून आमच्या नगरपालिकांकडे मागणे थोडकेच आहे. प्रत्येक बागेच्या अंदाजपत्रकात चाकाच्या खुर्चीसह बसता येईल असा झोपाळा, जमिनीला समतल असे फिरते चक्र आणि तिथवर नेणारी पक्की वाट असावी. सार्वजनिक संगीतशाळेत पायपेटीसारखी वाद्ये ठेवून ती ग्रंथालयातल्या पुस्तकांप्रमाणे घरी नेऊ द्यावीत. दुरुस्तीसाठी दरसाल वेगळी रक्कम असावी. आणि काय घ्यायचे हे ठरवताना जे वापरणार त्यांना आधी विचारावे.

आमच्या मुलाची पायपेटी अखेर वर्गणीतून दुरुस्त झाली. आता तो एकटा बसतो आणि ताईला न थकवता आलाप पुरा करतो. पण वर्गणी एका दारात पोहोचते आणि संपते. पुढच्या दारातल्या मुलाने कोणाची वाट पाहावी? आपल्या जुन्या घरांतून, माळ्यावर, अशा पायपेट्या अजून धूळ खात असतील. त्या अवश्य खाली काढाव्यात. पण त्याबरोबर येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला २९ व्या कलमाची आठवणही करून द्यावी. राजाश्रयाच्या आठवणींत रमणाऱ्या आपल्या पिढ्यांनी लोकाश्रयाचे हे ऋण आता फेडले पाहिजे.