स्क्रूजचं मन आणि मार्थाचे तास



नाताळ आला की स्क्रूजची गोष्ट आठवते. चार्ल्स डिकन्सनं ती १८४३ साली लंडनमध्ये लिहिली. पैशाला चिकटलेला म्हातारा. नाताळच्या आदल्या रात्री मेलेल्या भागीदाराचं भूत येतं, मग आणखी तीन भुतं त्याला त्याचा काल, आज आणि उद्या दाखवतात. सकाळी माणूस बदललेला! कारकून बॉब क्रॅचिटच्या घरी तो टर्की पाठवतो, त्याचा पगार वाढवतो.

यंदा ती पुन्हा वाचताना मी त्यातल्या बायका शोधल्या. बॉबची मुलगी मार्था टोप्यांच्या दुकानात उमेदवारी करते. रात्री उशिरापर्यंत काम आणि नाताळच्या सकाळी आवराआवर करून घरी येते. बॉबची बायको दोनदा उलटून शिवलेला झगा घालते. स्क्रूजच्या नावानं पेला उचलायची वेळ येते तेव्हा घरात तीच एकटी त्याला स्पष्ट नावं ठेवते. उद्याच्या दृश्यात मोलकरीण आणि धोबीण मेलेल्या स्क्रूजचे पडदे नि चादरी विकतात. भुताच्या झग्याखाली दोन मरतुकडी मुलं आहेत. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं नाव अभाव.

पगार वाढला तो बॉबचा. मार्थाचे तास कुणी मोजले?

डिकन्सला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बाप कर्जापायी तुरुंगात असताना तो बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबला होता. बालकामगारांवरचा सरकारी अहवाल वाचून तो पत्रक काढणार होता, त्याऐवजी त्यानं ही गोष्ट लिहिली. मन हलायला गोष्ट लागतेच.

पण मन हलल्यानं हक्क मिळत नाही. १८४४ च्या कायद्यानं कापडगिरण्यांतल्या बायकांचा दिवस १२ तासांवर आला. दुकानांत टोप्या शिवणाऱ्या मार्था बाहेरच राहिल्या. लग्न झालेल्या बाईची कमाई तेव्हा कायद्यानं नवऱ्याची असे. १८५६ साली बार्बरा ली स्मिथ आणि तिच्या सहकारी बायकांनी हजारो सह्यांचे अर्ज पार्लमेंटपुढे नेले. तरी स्वतःच्या मजुरीवर बाईचा हक्क मान्य व्हायला १८७० उजाडलं. त्यासाठी कुठलं भूत आलं नाही. बायकाच दारोदार फिरल्या.

घरकामगारांच्या बैठकीत मी नेहमी ऐकते, "आमच्या बाई चांगल्या आहेत, दिवाळीला साडी देतात." ऐकून बरं वाटतं. पण बाई चांगल्या नसतील तर? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी कामावरची सुट्टी नि बोनस हे अजून बाईंच्या मनावरच चालतं.

आणि त्या बाई कधी कधी आपणच असतो. मोर्च्यातून घरी परतल्यावर आपली भांडी कोण घासतं? तिला भरपगारी सुट्टी किती? एवढं तरी आपण तिच्याशी बसून, बोलून, कागदावर ठरवू या. भुतांची वाट कशाला बघायची?