सुईणीला घरी बोलावण्यापूर्वी

सातवा-आठवा महिना लागला की काही घरांत हा विषय हमखास निघतो. सासूबाईंची चारही बाळंतपणे घरातच झाली, सुईण आली, तिने सगळे निभावून नेले. मग सुनेलाच दवाखाना कशाला? सासूबाईंचे सांगणे खोटे नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, देशातल्या जेमतेम चौथ्या हिश्शाच्या प्रसूती रुग्णालयात होत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. फरक इतकाच, की त्या काळी ज्या बायका बाळंतपणात गेल्या, त्यांची हकिकत सांगायला सासूबाई म्हणून कोणी उरले नाही.

आता घरच्या बाळंतपणाची इच्छा शहरातल्या शिकलेल्या जोडप्यांनाही होऊ लागली आहे, आणि त्यामागे निराळे कारण आहे. त्याच पाचव्या पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या जवळजवळ निम्म्या प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. उगाच पोट फाडतील ही भीती निराधार नाही. पण त्या भीतीपोटी ज्या बाईला घरी बोलवायचे, ती कोण, तिला काय येते आणि काय येत नाही, याची चौकशी मात्र स्वयंपाकीण ठेवतानाच्या चौकशीइतकीही होत नाही.

परंपरागत दाई पाहून पाहून शिकलेली असते. कळा सोसणाऱ्या बाईजवळ रात्रभर बसणे, कंबर चोळणे, धीर देणे यात तिचा हात धरणारे कोणी नाही. तिच्याकडे औषधे नसतात, रक्तदाब मोजण्याचे साधन नसते. (जिच्या हाती दोन जीव सोपवले, तिलाच सुपातले धान्य देऊन उंबऱ्याबाहेर बसवणारी घरेही याच देशात होती.) दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम केलेली परिचारिका राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असते, तिचा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून परिचारिकांसाठी दीड वर्षाचे खास प्रशिक्षण ठरवले, पण या मिडवाइफ सरकारी रुग्णालयांसाठी तयार केल्या जातात, घरोघरी जाण्यासाठी नव्हे.

चांगली सुईण पहिल्या भेटीत पैशांचे बोलत नाही, तपासण्यांचे कागद मागते. हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, रक्तगट निगेटिव्ह आहे का, सोनोग्राफीत वार खाली आहे का, बाळ आडवे किंवा पायाळू आहे का, आधी सिझेरियन झाले आहे का, हे सगळे ती विचारते. जुळे असेल, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल, पंडुरोग असेल, तर ती स्वतःच नाही म्हणते. जी 'काळजी करू नका, मी आहे ना' एवढेच म्हणते आणि काहीच विचारत नाही, तिला चहा पाजून परत पाठवावे.

पहिलटकरणीबाबत तर आणखी सावध राहायला हवे. इंग्लंडमध्ये सुमारे ६४ हजार प्रसूतींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सुईणी पूर्ण शिकलेल्या, रुग्णवाहिका हाकेच्या अंतरावर; तरीही घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हे प्रमाण १२ टक्के होते. आपल्याकडे रात्री दोन वाजता, पावसात, गाडी दारात नसताना हे हलवणे कसे जमणार? कोणत्या रुग्णालयात न्यायचे, तिथे रक्त मिळते का, वाटेत किती वेळ लागतो, गाडी कोणाची, सोबत रक्त देणारे कोण, हे नवव्या महिन्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

कळा सुरू झाल्यावर सुईणीने बाळाचे ठोके पहिल्या टप्प्यात निदान अर्ध्या तासाला आणि बाळ बाहेर येऊ लागल्यावर दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक. पाणमोट फुटून हिरवट पाणी आले, कळा येऊनही पुढे काही सरकेना, ताप आला किंवा आचके आले, तर थांबायचे नाही.

इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. 'कळा मंद आहेत, एक सुई देते, लवकर सुटका होईल' असे कोणी म्हणाले तर ती सुई देऊ देऊ नये. ऑक्सिटोसिनचे हे इंजेक्शन बाळ पोटात असताना घरी दिले, तर कळा आवरेनाशा होतात, बाळ गुदमरते, गर्भाशयही फाटू शकते. तेच इंजेक्शन, दहा युनिट, बाळ पूर्ण बाहेर आल्यावर मात्र द्यायलाच हवे, कारण ते रक्तस्राव रोखते. ते थंड ठिकाणी ठेवावे लागते. सुईण ते बर्फाच्या डब्यात आणते की पर्समध्ये, एवढ्यावरूनही तिची पारख होते.

बाळ रडले की घरात पेढ्यांची धावपळ सुरू होते, आणि बाळंतिणीकडे पाठ फिरते. खरा धोका याच वेळी असतो. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा अंगावरून अर्धा लिटरहून अधिक रक्त गेले, तर लगेच गाडी काढावी. नाळ ओढणे, पोटावर दाब देऊन वार काढणे हे जीवघेणे आहे. म्हणूनच सुईण एकटी नको. एकीने आईकडे पाहायचे, दुसरीने बाळाकडे. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यावा लागतो; त्याची पिशवी आणि मुखवटा आहे का व वापरता येतो का, हे आधीच विचारावे.

बाळाला पुसून आईच्या छातीशी द्यावे, एका मिनिटानंतर नव्या पात्याने नाळ कापावी, तिला राख, हळद, तेल काही लावू नये. मध-गुटी नको, चीक हाच पहिला घास. पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर. व्हिटॅमिन के, कावीळ ब, पोलिओ आणि बीसीजीसाठी बाळाला आरोग्य केंद्रात न्यावेच लागते, त्यातही कावीळ ब ची लस चोवीस तासांच्या आत. आशा ताईंना कळवले, तर घरी जन्मलेल्या बाळाला पाहण्यासाठी त्या ४२ दिवसांत सात वेळा येतात.

खर्च वाचेल म्हणून घर निवडत असाल, तर सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. सुईणीचा मोबदला मात्र आधी ठरवावा, आणि रुग्णालयात हलवावे लागले तरी तो द्यायचा हेही. नाहीतर पैसे बुडतील या धास्तीने ती वेळेवर 'चला' म्हणणार नाही. पाचवीची साडीचोळी निराळी.

घरी झालेल्या जन्माची नोंद २१ दिवसांत करण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. तेव्हा जन्माची तारीख, वेळ आणि वजन सुईणीकडून सहीनिशी त्याच दिवशी लिहून घ्यावे.