जामीन मिळाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

इंदूर : न्यायालयानं जामीन दिला की माणूस सुटला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण आदेशात पुढं आणखी एक ओळ असते. अमुक रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. बाहेरगावचा माणूस नेमका या ओळीपाशी अडकतो.

शिरपूर, रावेर, यावल भागातली माणसं कामाधंद्यासाठी सेंधवा, खरगोन, बऱ्हाणपूर मार्गे इंदूरला येतात. कोणी ट्रकवर असतो, कोणी बांधकामावर, कोणी बाजारपेठेत हमाली करतो. गुन्हा खरा असो वा खोटा, एकदा अटक झाली आणि जामिनाचा आदेश हातात पडला की घरच्यांना ऐकायला मिळतं, ‘जमानतदार लोकल लागेगा, पावती लेकर आओ.’ महाराष्ट्रातला माणूस पावती म्हणजे पैसे भरल्याची चिठ्ठी समजतो. माळवा-निमाडात पावती म्हणजे शेतकऱ्याची भू-अधिकार ऋण पुस्तिका. आपला सातबारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला इथं चालेल का, हे कोणी ठामपणे सांगत नाही. मग ‘व्यवस्था करून देतो’ म्हणणारा भेटतो.

हा माणूस म्हणजे पेशेवर जमानतदार किंवा त्याचा दलाल. आरोपी कोण, कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुस्तिका पुढं करायची, सही करायची, पैसे घ्यायचे. दराचं कोणतंही पत्रक नाही. समोरच्याची गरज बघून आकडा ठरतो आणि तो परत मिळत नाही. पुस्तिका खरीच असते असंही नाही. बनावट ऋण पुस्तिकांवर जमानत देणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या इंदूरला नव्या नाहीत.

हिशेब कुठं चुकतो?

कॉमर्सला करार कायदा शिकलेल्यांना हमीचा करार आठवत असेल. हमीदारानं कर्जदाराचे पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला कलम 145 नं मिळतो. फौजदारी जामिनात हे तत्त्व चालत नाही. आरोपी पळाला तर तुझी रक्कम मी भरून देईन, असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आणि म्हणून रद्दबातल मानला जातो. कारण साधं आहे. जामीनदाराचं स्वतःचं काही पणाला लागलेलं असेल तरच तो आरोपीला तारखेला हजर ठेवील. भाऊ, काका, मालक किंवा गावचा शेजारी यासाठीच जामीन राहतो. पैसे घेऊन सही करणाऱ्याची जोखीम आरोपीच्या घरच्यांनी आधीच भरलेली असते. कागदावर हमी उभी राहते, तिच्यामागं माणूस नसतो.

कायद्याला हे माहीत आहे. आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे प्रत्येक जामीनदारानं न्यायालयाला लिहून द्यावं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 मध्ये आहे. जुन्या संहितेत ती 441-अ म्हणून होती. वकिलांवरही बंधन आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला आपल्या अशिलासाठी जामीन राहता येत नाही आणि जामीनदाराच्या ऐपतीची खात्रीही देता येत नाही. 2023 च्या दुरुस्तीनं अधिवक्ता कायद्यात कलम 45-अ आलं, त्यानुसार कोर्टाच्या आवारातल्या दलालांच्या याद्या लावता येतात. मात्र तिथली ‘दलाल’ची व्याख्या पैसे घेऊन वकिलाला काम मिळवून देणाऱ्याची आहे. नुसते जामीनदार पुरवणारा त्यातून सहज निसटतो.

मग परवाना द्यायचा का?

धंदा बंद होत नसेल तर त्याला परवाना द्या, दर ठरवा, असं काही जण म्हणतात. अमेरिकेत असंच आहे. तिथं जामीन देणारे एजंट परवानाधारक असतात, मागं विमा कंपनी असते, रकमेच्या साधारण 10 टक्के शुल्क घेतात आणि खटला निर्दोष सुटला तरी ते परत देत नाहीत. त्यांच्या व्यावसायिक संघटना आहेत. जामिनातून पैशाची अट काढण्याचा विषय विधिमंडळात आला की त्या विरोधात उभ्या राहतात. धंदा कायदेशीर झाला की त्याला आवाजही मिळतो, आणि रकमा चढ्या राहण्यातच त्याचा फायदा असतो. तरीही केंटकीनं हा धंदा 1976 मध्येच बंद केला. इलिनॉयनं सप्टेंबर 2023 पासून रोख जामिनाची पद्धतच मोडीत काढली. जे तिथं सोडलं जातंय ते आपण नव्यानं आणण्यात शहाणपण नाही. आपल्याकडं हा धंदा स्थानिक जामीनदाराच्या हट्टावर जगतो. हट्ट सुटला तर त्याचं गिऱ्हाईकच संपतं.

निकाल मध्य प्रदेशातलाच

या हट्टाला सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच नकार दिला, तोही मध्य प्रदेशातल्याच प्रकरणात. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार मानलं नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. जामीनदार बाहेरचा आहे किंवा त्याचे कागद दुसऱ्या भाषेत आहेत म्हणून नाकारणं समानतेच्या हक्काशी विसंगत आहे, हा त्या निकालाचा गाभा. मराठी सातबारा घेऊन आलेल्या भावाला याहून मोठा आधार कोणता?

31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळं सुटका लांबते, ती अट घालू नये. जामीन मिळूनही 7 दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. ऑगस्ट 2024 मध्ये गिरीश गांधी प्रकरणात, 13 गुन्ह्यांत वेगवेगळे जामीनदार आणू न शकलेल्या माणसाला तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील, असा निकाल आला.

2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 म्हणजे चारांतले तीन कच्चे कैदी, खटला न संपलेले. त्यातले सगळेच जामीनदाराअभावी आत नाहीत. पण जे आहेत त्यांचा दोष फक्त गरिबी आणि दुसरा जिल्हा एवढाच.

घरच्यांनी काय करावं

दलालाला पैसे देण्याआधी वकिलाला चार गोष्टी विचारा.

पहिली, जातमुचलक्यावर सुटकेचा अर्ज केला का? गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर कलम 478 नुसार माणूस गरीब आहे असं धरूनच त्याला सोडायचं असतं.

दुसरी, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागितली का? ही रक्कम अटी पाळल्या तर खटल्यानंतर परत मिळते, दलालाची मिळत नाही.

तिसरी, रक्कम जास्त आहे म्हणून कमी करून मागितली का? कलम 484 म्हणतं, रक्कम अवाजवी नसावी.

चौथी, गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत नाव गेलं का? त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, तिथं वकीलही मोफत मिळतो.

आणि अनोळखी माणसासाठी आपली पुस्तिका ‘दोन दिवसांसाठी’ देणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. आरोपी गैरहजर राहिला तर मुचलका जप्त होतो आणि वसुली तुमच्याकडून होते. रक्कम भरता आली नाही तर जामीनदारालाच 6 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दलालाची सही त्या कागदावर कुठंच नसते.