जुन्या याद्या व नवीं यंत्रें

शाळेच्या कपाटांतील जनरल रजिस्टर ही वही दिसावयास साधी. परंतु विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख व जन्मस्थान यांचा जन्मभर पुरणारा पुरावा तींत असतो. हाच मजकूर पुढें संगणकांत उतरला, आणि आतां एका संगणकांतून दुसऱ्यांत, शाळेंतून शासनाच्या दफ्तरांत, असा त्याचा प्रवास चालला आहे. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनाची ‘सरल’ पद्धति आली, तेव्हांपासून तर शाळांस आपल्या विद्यार्थ्यांची माहिती संगणकावरूनच पुढें धाडावी लागली. या प्रवासांत नांवांचें काय होतें, याविषयीं आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. हा प्रश्न केवळ कारकुनाचा आहे असा जो समज पसरला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम यंत्राची अडचण पाहूं. पुष्कळ ठिकाणच्या जुन्या याद्या ‘ॲक्सेस’ या प्रोग्रॅमच्या फाइलींत आहेत. तसली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचावयाची तर मध्यें एक दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. या फाइलींचा ‘जेट’ नांवाचा जुना दुभाषा ३२ बिटी यंत्रासाठीं घडविलेला; त्याची ६४ बिटी आवृत्ति कधीं निघालीच नाहीं. आजचे प्रोग्रॅम बहुधा ६४ बिटी असतात, आणि ६४ बिटी प्रोग्रॅमला ३२ बिटी ड्रायव्हर आपल्या पोटांत घेतां येत नाहीं. कारण यंत्राच्या स्मरणांतील पत्ते मोजण्याचें दोघांचें माप वेगळें. मग पडद्यावर ‘ड्रायव्हर नोंदलेला नाहीं’ अशा अर्थाचा निरोप येतो, आणि बिचारा माणूस समजतो कीं फाइलच बिघडली. फाइल शाबूत असते. २०१० सालच्या ऑफिसबरोबर जो नवा ड्रायव्हर आला, त्याची ६४ बिटी आवृत्ति घ्यावी. किंवा यादी आंत घेणाऱ्या प्रोग्रॅमचीच ३२ बिटी आवृत्ति चालवावी. एवढ्यावर काम भागतें.

कुर्ल्याच्या रहिवाशांस ही दुभाष्याची कल्पना परकी वाटूं नये. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं भारतांतील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसपासून धांवली ती आमच्या कुर्ल्यापर्यंत, १५०० व्होल्टच्या एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहावर. पुढें त्याऐवजीं २५,००० व्होल्टचा, दिशा पालटत राहणारा प्रवाह घ्यावयाचें ठरलें. सगळी मुंबई एका रात्रींत बदलणें अशक्य होतें. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. पश्चिम रेल्वेचें हें काम २०१२ सालीं व हार्बर मार्गाचें २०१६ सालीं पुरें झालें. मधल्या काळांत जेथें प्रवाह बदले, तेथें उतारूंस उतरून दुसरी गाडी धरावी लागली नाहीं. भार गाडीनें सोसला, उतारूवर घातला नाहीं. या योजनेंत आम्हांस मोल वाटतें तें याचेंच. याद्यांच्या कामीं नेमकें याच्या उलट घडतें.

अक्षरांचेंच पाहा. युनिकोडमध्यें १९९१ सालापासून देवनागरीसाठीं १२८ घरें राखून ठेविलीं आहेत. तथापि आपल्या कचेऱ्यांत त्यानंतरही कित्येक वर्षें ‘कृति देव’, ‘श्रीलिपि’ यांसारखे टंक चालत राहिले. त्यांतील मराठी डोळ्यांपुरतीच मराठी. कृति देव टंकांत ‘राम’ लिहिलें कीं यंत्राच्या पोटीं जे, के, ई हीं तीन इंग्रजी अक्षरें सांठतात. वर मुखवटा तेवढा देवनागरीचा. बरें, एका अक्षराच्या जागीं दुसरें ठेविलें कीं झालें, असेंही नाहीं. आमच्या गांवाचेंच नांव घ्या. त्या टंकांत ‘कुर्ला’ हा शब्द क, उकार, ल, काना व सर्वांत शेवटीं रफार अशा पांच खुणांनीं सांठतो. टंकलेखन यंत्रावर हात त्याच क्रमानें चालत असे. युनिकोडांत तोच शब्द उच्चाराच्या क्रमानें सांठतो: क, उकार, र, पायमोडीची खूण, ल, काना, अशा सहा खुणा. म्हणजे शेवटचा रफार उचलून ‘ल’च्या आधीं आणिला पाहिजे. ज्या प्रोग्रॅमला हें ठाऊक नाहीं तो कुर्ल्याचें ‘कुलार्’ करून मोकळा होतो, आणि वर ‘काम यशस्वी’ म्हणून सांगतो!

तारखांचा घोटाळा याहून कपटी. वर दिलेली आगगाडीची तारीख ३/२/१९२५ अशी लिहून अमेरिकन रीतीच्या यंत्रांत घातली, तर ती २ मार्च होते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखा अशा मुकाट्यानें बदलूं शकतात. पुढच्यांच्या बदलत नाहींत, कारण तेरावा महिनाच नाहीं. म्हणून यादी वरवर चाळणाऱ्यास संशय येत नाहीं. आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, या क्रमानें तारीख लिहिण्याची शिस्त आम्हांस सर्वांत निर्धोक वाटते. दाखल्यांतील जन्मतारीख शाळा सोडल्यानंतर दुरुस्त करून घेणें किती कठीण, हें ज्यांस अनुभव आहे त्या पालकांस सांगावयास नको.

आतां आडनांवांकडे वळूं. डि’सोझा, डि’मेलो हीं आडनांवें कुर्ल्यांतील कोणत्याही हजेरीपटास नवीं नाहींत. इंग्रजींत तीं लिहितांना मध्यें जी वरची खूण येते, तीच डेटाबेसच्या आज्ञेंत मजकूर संपल्याची खूण असते. निष्काळजीपणें लिहिलेला प्रोग्रॅम ‘डि’पाशींच अडखळतो. खूण दुप्पट लिहावी, अथवा नांव आज्ञेपासून निराळें करून द्यावें, हा उपाय जाणत्यांस चांगला परिचित आहे. परंतु सल्ला मिळतो तो असा, कीं खूण गाळून टाका, त्यांत काय बिघडलें? बिघडतें तें हें, कीं मुलाच्या दाखल्यांत एक नांव आणि बापाच्या कागदांत दुसरें होतें. यंत्रास सोयीचें व्हावें म्हणून माणसानें आपलें नांव कापून द्यावें, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचीं नांवें महाराष्ट्रांत सरकारी कागदांवर स्वतःचें, आईचें, वडिलांचें व आडनांव अशा क्रमानें लिहावयाचीं आहेत. तीं मुलें पहिलींत येतील तेव्हां तीन खान्यांच्या जुन्या याद्यांत आईस जागा कोठें द्यावयाची, याचा विचार आजच झाला पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी: यादी नव्या यंत्रांत गेली कीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीचा छापील उतारा घरीं धाडावा, पालकांनीं तो आपल्या कागदांशीं ताडून पाहावा व चूक असल्यास तांबड्या शाईनें दुरुस्त करून परत द्यावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थिमित्रांनीं हाताची वही व छापील यादी समोरासमोर ठेवून, एकानें वाचावें व दुसऱ्यानें पाहावें, असें दोन शनिवार दिल्यास शिक्षकांचा भार हलका होईल. आणि हें सर्व पुरें होईपर्यंत जुना संगणक, त्यांतील जुन्या टंकासह व जुन्या प्रोग्रॅमसह, कोणीं भंगारांत देऊं नये.