अनोळखी जलाशयावर गळ टाकण्यापूर्वी

वाशीमकडून हिंगोलीकडे येताना कनेरगाव नाक्याजवळ आपण ज्या पैनगंगेवरून येतो, तिचेच पाणी पुढे इसापूरच्या धरणात विसावते. आश्विन सरत आला, पाणी निवळले आणि मुलांना दिवाळीची सुट्टी लागली, की या भागातील अनेक कुटुंबांत एक बेत शिजू लागतो : सकाळी लवकर निघायचे, जलाशयाच्या काठी दिवसभर गळ टाकून बसायचे. कोणी इसापूरला जातो, कोणी पूर्णेवरच्या येलदरीला, कोणी त्याच नदीवर खाली असलेल्या सिद्धेश्वरला. वैद्यकीय दृष्टीने मला हा बेत मनापासून आवडतो. वडील आणि मुलगा एका तंगुसाकडे पाहत तासभर न बोलता बसू शकतात, ही आजच्या काळात लहान गोष्ट नव्हे. मात्र बेत आखणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारतो : तेथले कोणी तुमच्या ओळखीचे आहे काय?

वाचकहो, धरणाचा जलाशय म्हणजे गावतळे नव्हे. ती बुडालेली जमीन आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमाराची, इसापूर त्यानंतरचे. त्या पाण्याखाली शेते गेली, बांध गेले, विहिरी गेल्या, ओढ्यांची पात्रे गेली. बरा पाऊस झालेल्या वर्षी शरदात जलाशय तुडुंब असतो आणि वरून सगळे सपाट, शांत दिसते. उन्हाळ्यात ज्या ओढ्याच्या काठावरून आपण चालत गेलो, तोच काठ आता गुडघाभर पाण्याखाली आहे आणि त्यापुढच्या पावलावर पुरुषभर खोली आहे. शिवाय आपली काळी माती! भिजली की ती पाय धरून ठेवते. पुढे रब्बीची आवर्तने सुटून पाणी उतरू लागले, की काठावरच्या गाळावर वरवर सुकलेली खपली धरते आणि तिच्यावर भरवसा ठेवणारा मांडीपर्यंत रुततो.

अमेरिकेत शरदातील मासेमारीचा मोठा शौक आहे. क्रॅपी नावाचा तेथील मासा या दिवसांत लहान माशांच्या मागे फिरतो आणि बुडालेल्या झाडाझुडपांच्या आसऱ्याला थांबतो. म्हणून तेथील शौकीन नव्या तलावावर जाण्यापूर्वी पाण्याखालच्या भूमीचा नकाशा अभ्यासतात, ध्वनिलहरींच्या यंत्राने खोली मोजतात. त्यांचा हेतू मासा मिळवण्याचा, पण त्या अभ्यासातून धोकाही आपोआप कळतो. आपल्याकडे असा नकाशा सहसा हाती येत नाही. परंतु तो ज्यांच्या डोक्यात आहे अशी माणसे काठावरच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारे भोई बांधव विहीर कोठे बुडाली, बाभळींचे खुंट कोठे आहेत, रोहू-कटला कोणत्या बाजूला मिळतो आणि कोणत्या बाजूला मुलांना नेऊ नये, हे एका दमात सांगतात. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे परवानगीसाठी त्यांना भेटावे लागतेच. ती भेट आदल्या आठवड्यात घ्यावी, जाळ्यांच्या जागा विचाराव्यात आणि चहा घेता घेता पाण्याची चौकशी करावी. धरणाच्या भिंतीखालच्या नदीपात्रात मात्र कोणीही सांगितले तरी बसू नये. येलदरीला वीजघर आहे. वीजघरातून वा दरवाज्यांतून पाणी सुटले, की कोरडा दिसणारा खडक पाहता पाहता बेट होतो.

आता जे सांगणे मला टाळता येत नाही, ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची सारी शक्ती जाते. विशेषतः मूल अगदी निःशब्दपणे, मिनिटाच्या आत दिसेनासे होते. म्हणून एका मोठ्या माणसाकडे मुलांवर नजर ठेवण्याखेरीज दुसरे काम नसावे, आणि त्या माणसाने त्या दिवशी मद्याला शिवू नये. कोणी पाण्यात पडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एका घरातील दोघे-तिघे एकाच ठिकाणी जातात ते असेच. दोर, काठी, धोतर, साडी, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेका.

बाहेर काढल्यावर पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. श्वास बंद असेल तर उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी पाच श्वास द्या. तरीही हालचाल वा श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने ३० दाब, मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीने. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूची कायमची हानी काही मिनिटांतच सुरू होते आणि रुग्णवाहिकेला धरणापर्यंत यायला त्याहून अधिक वेळ लागतो. तोवर दाब थांबवू नका. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने किरकोळ. गळ बोटात रुतून काटा आत गेला असेल तर मागे ओढू नका. तंगूस कापा, गळ तसाच ठेवून दवाखान्यात या आणि धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवून ठेवा. शिंगीसारख्या मिशांच्या माशाचा काटा लागला तर आग असह्य होते. अशा वेळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्यास चांगला उतार पडतो. पाणी आधी दुसऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहावे, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नये. काठाच्या गवतात सापांचा वावर असतो, तेव्हा पायांत पूर्ण बूट हवेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना मासा लागेपर्यंत उपाशी बसवू नका. त्यांचा डबा वेळेवर उघडला पाहिजे.

आणि निघताना घरी राहणाऱ्याला नुसते 'इसापूरला जातो' असे सांगू नका. कोणत्या गावाच्या बाजूने, फुगवट्याच्या कोणत्या काठावर, किती वाजता परत, हे कागदावर लिहून ठेवा. काठावर मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही.