कोण करणार, ते आधी लिहा

सरकारी इंग्रजीतल्या एका क्रियापदावर माझा राग आहे आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही. ते क्रियापद म्हणजे ‘एन्व्हिसेज’. हल्ली त्याच्या जोडीला ‘एन्व्हिजन’ही आलं आहे. धोरण उघडा, विकास आराखडा उघडा, एखाद्या बंदराचा किंवा रस्त्याचा पर्यावरण अहवाल उघडा, पहिल्या दोन-चार पानांत या दोघांपैकी एक तरी भेटतंच. अर्थ साधा आहे : पुढे जे व्हायचं आहे त्याचं चित्र मनात उभं करणं. ते कवीनं करावं, वास्तुरचनाकारानं करावं, शेतकऱ्यानं पेरणीआधी करावं. माझं भांडण कल्पना करण्याशी नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर कल्पना करायची आणि ती पुरी कोण करणार, केव्हा करणार, पैसा कुठून आणणार हे वाक्यातून अलगद गाळून टाकायचं, याच्याशी आहे.

इंग्रजी अहवालांचे मराठी गोषवारे तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे हे क्रियापद कसं वागतं ते मी जवळून पाहतो. ‘इमॅजिन’ला कर्ता लागतो, कुणीतरी कल्पना करतो. ‘व्हिज्युअलाइज’लाही माणूस लागतो. सरकारी कागदातल्या ‘एन्व्हिसेज’ला मात्र माणूस लागत नाही. तिथे धोरणच कल्पना करतं, आराखडाच कल्पना करतो. नाही तर वाक्य सरळ कर्मणीत जातं आणि मराठीत उतरतं : ‘स्थानिकांना रोजगार उपलब्ध होणे अभिप्रेत आहे.’ कुणाला अभिप्रेत आहे? ज्यानं लिहिलं तो सल्लागार दिल्लीला परत गेला. ज्यानं सही केली त्याची बदली झाली. वाक्य तेवढं मागे उरतं आणि त्याला जाब विचारता येत नाही.

याहून वाईट खोड पुढे आहे. या एका शब्दात तीन अर्थ सुखानं नांदतात : नुसतं मनात आणणं, अपेक्षा धरणं आणि बेत आखणं. जमीन घ्यायच्या दिवशी यातला तिसरा अर्थ पुढे येतो. आराखड्यात शाळा आहे, दवाखाना आहे, नोकऱ्या आहेत, सगळं ठरलेलं आहे, तुम्ही फक्त संमती द्या. वीस वर्षांनी शाळा कुठे आहे विचारायला जा, तर त्याच शब्दाचा पहिला अर्थ खिडकीतून बाहेर येतो : तसा विचार होता, हमी नव्हती. घेताना बेत आणि देताना विचार. ही भाषेची ढिलाई नाही, ही सोय आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ‘करील’ आणि ‘करावे असा विचार आहे’ यातला फरक चांगला कळतो. स्वतःच्या अधिकाराचं कलम लिहिताना ते कधीही ‘एन्व्हिसेज’ वापरत नाहीत.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ होता तोंडाकडे पाहणं, समोरासमोर पाहणं. आपल्याकडे तो नेमका ज्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही त्यांच्यासाठी वापरला जातो.

खाडीकाठच्या एका गावातली जनसुनावणी मला आठवते. मांडव घातलेला, पुढे साहेबांच्या खुर्च्या, मागे सतरंज्या. सल्लागारानं पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली आणि मराठी गोषवारा वाचून दाखवला : मच्छीमारांचे पुनर्वसन प्रस्तावित आहे, कौशल्य प्रशिक्षण अभिप्रेत आहे, खारफुटीची लागवड अपेक्षित आहे. सगळं ‘आहे’. एक काकी उठल्या. हातात ध्वनिक्षेपक धरायची सवय नव्हती, तो त्यांनी हनुवटीला लावला. म्हणाल्या, ‘‘सायेब, ता समदा बरा हाय. पन करनार कोन, नि कवा?’’ साहेबांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागारानं अहवालातलं तेच वाक्य पुन्हा वाचलं. काकी उभ्याच राहिल्या. शेवटी कुणीतरी त्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. कर्ता आणि काळ, वाक्यातल्या नेमक्या दोन रिकाम्या जागांवर त्या बाईंनी बोट ठेवलं होतं. व्याकरण शिकवणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा इतकं ते अचूक होतं.

मोठं उदाहरण हवं असेल तर नवी मुंबई घ्या. तिच्या कल्पनेला मी कमी लेखत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडलेला विचार देखणा होता : मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वाट द्या. १९७०च्या मार्चमध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन या कामाला जोडली गेली. भातशेती, मिठागरं, खाडीची मासळी. आगरी, कोळी, कराडी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका.

त्या आराखड्याच्या उद्दिष्टांत एक उद्दिष्ट या माणसांसाठीही होतं. मूळ रहिवाशांना प्रशिक्षण आणि शक्य त्या सर्व सोयी द्यायच्या, म्हणजे ते नव्या शहरी वातावरणाशी जुळवून घेतील आणि शहराच्या आर्थिक-सामाजिक जीवनात पुरेपूर भाग घेतील. वाचायला किती छान! ‘शक्य त्या सर्व’ हे तीन शब्द नीट पाहा. शक्य कुणाला, ते लिहिलेलं नाही. जमीन संपादनाच्या अधिसूचनेत मात्र ‘शक्य झाल्यास’ असं कुठेही नव्हतं. तिथे सर्व्हे नंबर होते, क्षेत्र होतं, कलम होतं.

पुढे काय झालं ते उरण-पनवेलच्या कुठल्याही घरात विचारा. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं गेली. त्यानंतरच्या झगड्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र आलं. आज तिथे ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की पोरालाही कळतं कशाबद्दल बोलणं चाललं आहे. लक्षात घ्या, लोकांना जे मिळालं ते आराखड्यातल्या उदात्त वाक्यानं दिलं नाही. ते एका आकड्यानं दिलं आणि तो आकडा रक्त सांडून कागदावर आणावा लागला. आकडा आला म्हणून भांडता आलं, अर्ज करता आला, कोर्टात जाता आलं. ‘पुरेपूर भाग घेतील’ या वाक्यावर कुणी कधी कोर्टात जाऊ शकलं नाही.

आणि ज्यांनी गावठाणाच्या वाढीची कल्पनाच केली नाही, त्यांच्या त्या न केलेल्या कल्पनेची शिक्षा अजून गावकरी भोगत आहेत. घरात मुलं वाढली, लग्नं झाली, खोल्या वाढवाव्या लागल्या. शेत गेलेलं, गावठाण तेवढंच. मग त्या खोल्या ‘अनधिकृत’. आता त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि ती नियमित करण्याचे शासन निर्णय निघत राहतात. लाखो नव्या माणसांना सामावणारं शहर मनात उभं करू शकणाऱ्यांना उरणजवळच्या जासई गावातल्या एका घरातला धाकटा मुलगा लग्न करील, हे मनात आणता आलं नाही.

सरकारचं स्वतःचं काय झालं तेही सांगतो. नव्या शहराला जोर यावा म्हणून राज्याचा कारभार खाडीपलीकडे नेण्याची कल्पना होती. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच दशकात नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहिले. मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये. शेतकऱ्याच्या वाट्याची कल्पना सक्तीनं अमलात आली, सरकारच्या वाट्याची कल्पना कल्पनाच राहिली. दोन्हींसाठी क्रियापद एकच वापरलेलं होतं!

क्रियापद बदललं की काय होतं, हे शिक्षणात पाहावं. संविधानाच्या मूळ ४५व्या अनुच्छेदानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देण्यासाठी राज्य ‘प्रयत्न करील’ असं म्हटलं होतं. दहा वर्षं १९६० मध्ये संपली. प्रयत्न चालूच राहिला. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली, २१-अ अनुच्छेद आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘प्रयत्न’ हा शब्द गळाला. राज्य शिक्षण देईल, संपलं. मग २००९चा कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. त्या कायद्यातही भोकं आहेत, पण मुलाला शाळेनं दारातून परत पाठवलं तर आई-बापाच्या हातात आज कलम आहे. पन्नास वर्षं ते नव्हतं. याउलट शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च : कोठारी आयोगानं साठच्या दशकात सांगितलं, १९६८च्या धोरणात आलं, १९८६च्या धोरणात आलं, २०२०च्या धोरणात पुन्हा आलं. सहा टक्के अजून गाठलेले नाहीत. तरी २०२०चं धोरण भारताला जागतिक ज्ञानसत्ता करण्याचं चित्र रंगवतं. आधीच्या दोन धोरणांचं का फसलं, कुणामुळे फसलं, याचा हिशेब न देता तेच स्वप्न तिसऱ्यांदा छापणं हा माझ्या मते निलाजरेपणा आहे.

यावर एक उत्तर नेहमी येतं : दूरदृष्टी नको का, सगळंच कसं आधी बांधून घेणार, उद्याचं कुणाला माहीत? मला हा युक्तिवाद मान्य नाही, कारण याच महाराष्ट्रानं, याच सत्तरच्या दशकात, उलट करून दाखवलं आहे. वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली तेव्हा ती नवी मुंबईपेक्षा लहान नव्हती. उलट फार मोठी होती, साऱ्या ग्रामीण राज्याला पुरणारी. पण ती कशी मांडली गेली ते पाहा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी करून पाहिली. १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला रस्त्यांवर उभी असताना ती राज्यभर नेली. पैसा कुठून आणायचा याला उत्तर म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदारानं गावच्या मजुराच्या कामाचा वाटा उचलायचा. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. कर्ता, काळ, पैसा, आणि न केल्यास दंड, चारही गोष्टी वाक्यात. मस्टरवर खोट्या सह्या झाल्या, कामं रखडली, हे सगळं खरं. तरी कुठल्याही मजूर बाईला तहसील कचेरीत जाऊन ‘काम द्या’ म्हणता आलं, ‘कामाचा विचार करा’ असं म्हणावं लागलं नाही. पुढे २००५ मध्ये रोजगार हमीचा देशाचा कायदा झाला तेव्हा त्यात हीच वाक्यरचना गेली. कल्पना मोठी असूनही वाक्य घट्ट लिहिता येतं. ते लिहायचं नसतं, एवढंच.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे. ज्या कागदाच्या आधारे कुणाची जमीन, होडी, झाड किंवा घर जाणार आहे त्या कागदात ‘अभिप्रेत’, ‘अपेक्षित’, ‘प्रस्तावित’ हे शब्द प्रकल्पग्रस्तांच्या बाजूला चालणार नाहीत. तिथे खात्याचं नाव, तारीख, लेखाशीर्ष आणि न झाल्यास काय भरपाई, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर ते वचन अहवालातून काढून टाका. लोकांना कळू द्या की त्यांना काहीही मिळणार नाही, मग ते काय ते ठरवतील.

आणि सुनावणीला जाणाऱ्यांना एक कामाची गोष्ट. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीचं इतिवृत्त सुनावणी संपताना लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि त्यावर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही व्हावी लागते. तोपर्यंत मांडव सोडू नका. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक ‘अभिप्रेत आहे’खाली रेघ ओढून न्या. दर रेघेला ‘कोण, केव्हा, कुठल्या पैशातून’ हा प्रश्न तोंडी विचारा आणि लेखीही द्या. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर दिले नाही’ ही नोंद इतिवृत्तात आली आहे का, ते वाचन होताना कान देऊन ऐका. नसेल आली तर सही होण्याआधी तिथेच हरकत घ्या. ती एक ओळ उद्या हरित न्यायाधिकरणापुढे उपयोगी पडते.